धर्मपिता होण्याआधी

टप्प!

अगदी भांगात. थंडगार.

यादिरानं मान वर केली आणि दुसरा थेंब थेट नाकावर पडला. बाहेर ह्यूस्टनचं लख्ख ऊन, पार्किंगमधलं डांबर चपलेला चिकटायला लागलेलं... आणि सेंट फीबी चर्चच्या आत, वेदीच्या डाव्या हाताला, बरोबर क्वायरच्या खुर्च्यांवर पाऊस!

छताला एक चौकोनी भोक पडलं होतं. त्याखाली शिडी, शिडीवर दोन पाय. बाकीचा माणूस छतात.

"अहो पायवाले!" यादिरा ओरडली. "खाली माणसं आहेत म्हटलं!"

पाय दचकले. मग कंबर खाली आली, मग शर्ट, मग धुळीनं माखलेला एक चेहरा. केसांत जळमटं, दातांत स्क्रूड्रायव्हर. तो हातात घेऊन चेहरा म्हणाला, "सॉरी हं. मला वाटलं स्पॅनिश मिस्सा संपली, सगळे गेले."

"सगळे गेले. मी राहिले. वेदीवरची फुलं काय आपापली चालत जातात?"

"मग जरा उजवीकडे सरकून आवरता का? इथे आता आणखी गळेल."

"आणखी गळेल म्हणजे? तुम्ही गळती थांबवायला आलायत की सुरू करायला?"

"आधी नीट सुरू करावी लागते," तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "त्याशिवाय थांबवली, हे लोकांना कळणार कसं?"

यादिराला रागवायचं होतं. पण ओठांचं काही वेगळंच चाललं होतं. तिनं फुलांची बादली रिकामी करून त्याच्याकडे वर दिली. बादली घेताना त्याची ओली बोटं तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही ती जरा जास्तच घाईनं मागे घेतली.

"तोआन," तो म्हणाला. "एसी दुरुस्त करतो. एक वाजताच्या व्हिएतनामी मिस्सेला असतो."

"यादिरा. चष्म्याच्या दुकानात असते. आणि तुम्ही ज्यांच्या डोक्यावर पाणी सोडलंत, त्या क्वायरमध्ये गाते."

"माहीत आहे," तोआन म्हणाला, आणि लगेच पुन्हा छतात शिरला. कान मात्र शिरता शिरता दिसलेच. लालबुंद.

आता, आमच्या सेंट फीबीत रविवारची स्पॅनिश मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, साडेबाराला संपते आणि व्हिएतनामी मिस्सा एकला सुरू होते. मधला अर्धा तास म्हणजे अख्ख्या आठवड्यातला सगळ्यात भांडकुदळ वेळ. स्पॅनिशवाले बाहेर पडता पडता गप्पांना उभे राहतात, व्हिएतनामी आजीबाई आत येता येता त्यांच्याकडे डोळे वटारून पाहतात, हॉलच्या स्वयंपाकघरात कुणाचं पातेलं कुणी शेगडीवरून उतरवलं यावरून तणतण होते, आणि पार्किंगचं तर बोलायलाच नको. पार्किंगपायी जेवढी पापं होतात तेवढी बाकी आठवड्यात होत नाहीत, असं फादर जोजी म्हणतात. कन्फेशन तेच ऐकतात, तेव्हा खरंच असणार.

तर अशा त्या अर्ध्या तासात या दोघांचं जमत गेलं. ती फुलं आवरायच्या निमित्तानं मागे राहायची, तो माइक तपासायच्या निमित्तानं लवकर यायचा. हॉलच्या मागच्या पायरीवर बसून तो थर्मासमधून दाट दूध घातलेली गार कॉफी ओतायचा. ती घरून आणलेले तमाले, मक्याच्या पानात वाफवलेले, त्याच्यापुढे ठेवायची. 'अहो'चं 'अरे' कोणत्या रविवारी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

"तिखट आहे का?" तो दर वेळी विचारायचा.

"अजिबात नाही," ती दर वेळी सांगायची. आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की पोट धरून हसायची.

"तू ना... कन्फेशनला जा."

"तू आधी डोळे तपासून घे. ये एकदा दुकानात. मिरची दिसत नाही तुला."

"मला सगळं नीट दिसतं." तोआननं डोळे पुसले, आणि मग तिच्याकडे न बघता हळूच म्हणाला, "दर रविवारी साडेबाराला तर फारच नीट दिसतं."

पुढच्या रविवारी यादिरा निळा झगा घालून आली.

"मिहा, पोरी," तिची आई अम्पारो गाडीत बसता बसता म्हणाली, "फुलं आवरायला लिपस्टिक कधीपासून लागायला लागली गं?"

"मामी!" यादिरा ओरडली. आईला ती मामीच म्हणायची.

"मी आपलं विचारलं."

अम्पारोला तोआन माहीत होता. ऑगस्टच्या ऐन उकाड्यात त्यांचा एसी बंद पडला, तेव्हा तोच धावून आला होता. काम झाल्यावर तिनं त्याला जेवायला बसवलं. मोले म्हणजे अम्पारोचा जीव की प्राण, दोन दिवस खपून केलेला तो काळाभोर रस्सा. पोरानं तीनदा वाढून घेतला. नाक पुसत, पाणी पीत, पण घेतला. शिवाय कामावरच्या मेक्सिकन गड्यांकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये "दोन्या अम्पारो," म्हणजे अम्पारोबाई, "हात देवाचा आहे तुमचा" असंही म्हणाला. तो गेल्यावर अम्पारो भांडी घासत एवढंच म्हणाली, "पोरगा खातो बरा." तिच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र यादिरानं आजवर ऐकलं नव्हतं.

सगळं होतं. फक्त तो शब्द तेवढा कुणी उच्चारला नव्हता.

एकदा अगदी ओठांवर आला होता. ऑक्टोबरमध्ये अचानक ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळला आणि दोघं हॉलच्या दाराशी, हातभर छपराखाली अडकले. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागलेला. ओल्या डांबराचा वास. तिच्या कानामागून एक बट गळून गालावर आली होती, आणि ती मागे सारायला त्याचा हात उचलला गेला... अर्ध्यावरच थांबला.

"यादिरा, मला तुला एक—"

"तोआऽऽन!" आतून व्हिएतनामी क्वायरच्या बाईंनी हाक मारली. "माइक शिट्टी मारतोय!"

"माइकला पण आत्ताच शिट्टी मारायची होती," तो पुटपुटला आणि गेला.

यादिरा कितीतरी वेळ पावसाकडे बघत हसत उभी होती. सांगेल, तिला वाटलं. पुढच्या रविवारी सांगेल. घाई कुणाला आहे?

आणि तेवढ्यात मध्ये आली ओगेची.

ओगेची यादिराच्या दुकानात शेजारच्या काउंटरवर. नायजेरियाची. तिचा नवरा ओबिन्ना तोआनबरोबर कामाला. बाई हसली की पार्किंगमधल्या गाड्यांचे भोंगे वाजतील अशी. तिला सप्टेंबरात मुलगी झाली होती, कोसी. पुढच्याच रविवारी ती कोसीला खांद्याशी धरून हॉलच्या मागच्या पायरीशी आली आणि दुसरा हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"बरं झालं दोघं एकत्र सापडलात. नाही म्हणायचं नाही. कोसीचा बाप्तिस्मा आहे. गॉडमदर यादिरा. गॉडफादर तोआन. संपलं!"

यादिराच्या हातातला कप तसाच राहिला.

"मी?" तोआन उभाच राहिला. "मी गॉडफादर? खरंच?" त्याचा चेहरा असा उजळला होता की बस्स. घरातलं शेंडेफळ तो. त्याला आजवर कुणी असं मोठेपणाचं काही मागितलंच नव्हतं. "हो! म्हणजे... अर्थात हो! आणि यादिराच्या शेजारी? हो!"

"आणि तू गं?" ओगेचीनं यादिराला कोपरखळी मारली.

"हो," यादिरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिच्या लोकांत बाळाच्या बाप्तिस्म्याला बोलावल्यावर नाही म्हणत नाहीत. ते पाप.

"मग आजपासून तू माझी कोमाद्रे!" तोआन हसत म्हणाला. "कामावरची पोरं असंच म्हणतात ना?"

यादिरानं मान हलवली. हसलीसुद्धा. आणि गाडीत जाऊन बसल्यावर तिच्या डोळ्यांना धार लागली.

कारण सांगायला हवं. यादिराच्या आईच्या गावी, मेक्सिकोतल्या सॅन लुईस पोतोसीच्या डोंगरात, एका बाळाचे धर्मपिता आणि धर्ममाता म्हणून जे दोघं उभे राहतात, ते एकमेकांचे कोम्पाद्रे-कोमाद्रे होतात. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं जोडलेलं नातं. रक्ताच्या नात्याहून पवित्र, आणि मरेपर्यंतचं. त्यांनी पुढे एकमेकांशी लग्न करायचं म्हणजे शिव शिव! तुमच्या-आमच्या भाषेत सांगायचं तर, राखी बांधून घेतल्यासारखंच समजा. म्हणून तर तिकडे ज्यांचं जुळतंय अशा पोरापोरीला कुणी चुकूनही एकत्र गॉडपेरेंट्स करत नाही.

ओगेचीला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तिचा डाव सरळ होता. ही दोघं पायरीवर बसून नुसती कॉफी पितायत, पुढे काही सरकत नाही. एकदा वेदीपुढे नटूनथटून शेजारी उभी केली, की सुचेल काहीतरी गाढवांना. बिचारीनं चांगल्या मनानं केलं आणि नेमकी माती केली.

पण तोआन? तो तर मेक्सिकन गड्यांबरोबर इतकी वर्षं काम करतोय. त्यांचं जेवण जेवतो, त्यांच्या शिव्या देतो. त्याला माहीत नसेल? शक्यच नाही, यादिराला वाटलं. आणि माहीत असून त्यानं 'हो' म्हटलं. हसत. कोमाद्रे म्हणाला... तोंडावर!

घरी अम्पारोनं सगळं ऐकून घेतलं. गॅस बारीक केला.

"तुझ्यादेखत 'हो' म्हणाला?"

"हो."

"मग मिहा... त्यानं उत्तर दिलं तुला." अम्पारोचा आवाज मऊ झाला. "सभ्य माणूस आहे. दुखवायचं नव्हतं त्याला. आमच्या गावातही एखाद्या मुलाच्या मनात नसलं, की तो असंच करायचा. कुणाच्या तरी बाळाला पुढे करून मुलीला कोमाद्रे करून घ्यायचा. तिचाही मान राहायचा, त्याचाही."

"फादर जोजींना फोन करून विचारलं मी. चर्चचा असा काही नियम नाही म्हणाले. गॉडपेरेंट्स खुशाल लग्न करू शकतात."

"फादर जोजी केरळचे. त्यांना काय माहीत आमच्या गावचं?"

"मामी, समजा... समजा त्याच्या मनात असलं, आणि आम्ही नंतर—"

"त्या बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभं राहून, ते पाणी अंगावर घेऊन, नंतर त्याच माणसाशी?" अम्पारोनं छातीवर क्रूसाची खूण केली. "तुझं आयुष्य आहे, मिहा. मी अडवणार नाही. पण मला त्या लग्नाला बोलावू नकोस. माझ्यानं बघवणार नाही."

झालं. आता यादिरानं करायचं काय? कोसीला नाही म्हणवत नव्हतं. आईला दुखवून उद्या लग्नासाठी वेदीपुढे उभं राहायचं, तेही होईना. आणि तोआनला सांगायचं तर कसं? 'अरे, तू गॉडफादर होऊ नकोस, कारण मला तुझ्याशी लग्न करायचंय'? ज्यानं अजून 'तू मला आवडतेस' एवढंसुद्धा म्हटलं नाही, त्याला? मेली असती पण बोलली नसती.

तिनं फुलं आवरायचं काम दुसरीवर सोपवलं. मिस्सा संपली की सरळ घर. पायरीवर तोआन एकटाच बसलेला तिला गाडीच्या आरशात दिसायचा. थर्मास आणि दोन कप. पण गाडी थांबायची नाही.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आईबापांसाठी आणि गॉडपेरेंट्ससाठी हॉलमध्ये शिकवणी होती. ती टाळता येण्यासारखी नव्हती. तोआन येऊन शेजारच्या खुर्चीवर बसला.

"काय झालंय?" त्यानं हळूच विचारलं.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' फार मोठं असतं गं. या हॉलमध्ये मावत नाहीये."

एरवी ती हसली असती. आता ती हातातल्या कागदाची सुरळी करत बसली. पुढे फादर जोजी मेणबत्ती कुणी धरायची ते समजावत होते.

"तू खूश आहेस?" तिनं एकदम विचारलं. "हे... गॉडफादर होण्यावर?"

"खूप." तो मनापासून म्हणाला. "दादाच्या ओळखीच्या शिंप्याकडून सूट शिवून घेतलाय. हसू नकोस. मला कुणी असं काही... म्हणजे, लोक मला एसी बिघडला की बोलावतात. बाळासाठी कुणी नव्हतं बोलावलं. आणि तुझ्या शेजारी उभं राहायचं म्हणजे तर..."

"म्हणजे काय?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. इतकं सरळ, की तिच्या हातातली सुरळी उलगडली.

"उद्या सांगतो," तो म्हणाला. "बाप्तिस्मा झाल्यावर."

झाल्यावर! यादिरानं डोळे मिटून घेतले. झाल्यावर सांगण्यासारखं काय उरणार होतं?

रविवारी स्पॅनिश मिस्सा संपली आणि सगळे दारालगतच्या कुंडाभोवती जमले. आमचं कुंड चांगलं ऐसपैस आहे, दगडी, आणि त्यातलं पाणी वाहतं असतं. ओगेचीच्या घरची झाडून सगळी माणसं एकाच छापाच्या हिरव्या-सोनेरी कापडात. कोसी पांढऱ्या झग्यात, मूठ तोंडात घालून. पहिल्याच रांगेत अम्पारो, हातात जपमाळ, ओठ घट्ट मिटलेले. आणि तोआन... नवा सूट, बाह्या जरा आखूड, केसांना पाणी लावून चप्प बसवलेले. यादिराला बघताच हसला. तिला तो इतका आवडला त्या क्षणी, की रडूच कोसळेल असं वाटलं.

एव्हाना व्हिएतनामी मंडळी एकच्या मिस्सेसाठी यायला लागली होती. बाप्तिस्मा म्हटल्यावर तीही भोवती उभी राहिली. आजीबाई पुढे सरसावल्या.

"बाळाचं नाव काय ठेवता?" फादर जोजींनी विचारलं.

ओगेची आणि ओबिन्नानं सांगितलं.

"आणि तुम्ही, गॉडपेरेंट्स," फादर वळले, "या आईबापांना त्यांच्या कामात साथ द्यायला तयार आहात?"

"तयार आहे!" तोआन खणखणीत आवाजात म्हणाला.

मग सगळे थांबले. यादिराचं उत्तर येईना. पाणी तेवढं वाहत होतं.

"यादिरा?" फादर हलकेच म्हणाले.

तिनं आईकडे पाहिलं. कोसीकडे पाहिलं. हे एक 'हो' म्हटलं, की शेजारच्या माणसाला आयुष्यभर कोम्पाद्रे म्हणायचं. नाताळला एकत्र जेवायचं, त्याच्या लग्नात नाचायचं. दुसऱ्याच कुणाशी लागलेल्या लग्नात! आणि न बोलता राखलेला स्वाभिमान घेऊन मग काय करायचं होतं तिला? लोणचं घालायचं?

"एक मिनिट, फादर," ती म्हणाली. तिनं तोआनची आखूड बाही धरली आणि त्याला आपल्याकडे वळवलं.

"तुला माहीत आहे ना, हे झाल्यावर आपण कोण होतो?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कोसीचे गॉडपेरेंट्स."

"एकमेकांचे कोण होतो?"

"कोम्पाद्रे. म्हणजे... दोस्तच ना?"

"दोस्त?" यादिरा बघतच राहिली. "अरे, भाऊ-बहीण! कायमचे. आमच्यात कोम्पाद्रे झाल्यावर लग्न करत नाहीत. कधीच. तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

तोआनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "मला... अगं, कामावर तर सगळेच एकमेकांना तसं म्हणतात! मी सिमेंटवाल्यालासुद्धा म्हणतो!"

"मला तुझी बहीण व्हायचं नाहीये, तोआन," यादिरा म्हणाली. आवाज कापत होता, पण शब्द पुरते बाहेर पडले. "अजिबात नाही. मला तू आवडतोस. कळलं?"

कळलं. सगळ्यांना कळलं. कारण फादर जोजींच्या कॉलरला लावलेला माइक चालू होता आणि ते दोघांच्या अगदी मधे उभे होते. 'मला तू आवडतोस' हे सेंट फीबीच्या छतापर्यंत घुमलं. व्हिएतनामी आजीबाईंपैकी जिला इंग्रजी येत होतं तिनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि तिसरीनं तोंडावर हात घेतला.

यादिराला वाटलं, हे कुंड जरा खोल असतं तर बरं झालं असतं.

तोआननं मात्र इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक.

"फादर," तो म्हणाला, "मी तयार नाही."

"आत्ताच तर तयार होतास!"

"आता नाही. मला माफ करा. ओगेची, तूसुद्धा. मला कोसीचा गॉडफादर व्हायचं होतं, देवाशप्पथ. पण या बाईचा भाऊ व्हायला मी मरेपर्यंत तयार होणार नाही. आज बाप्तिस्मा झाल्यावर मी तिला विचारणारच होतो... माझ्याशी लग्न करशील का म्हणून."

"अरे देवा!" ओगेची किंचाळली. "अरे, मी तुमचं जमावं म्हणून तर हा घाट घातला होता! ओबिन्ना, धर रे पोरीला, मला बसू दे."

फादर जोजींनी घाम पुसला. "मुलांनो, शांत व्हा. हे बघा, चर्चचा तसा काही नियम नाही. तुम्ही दोघंही गॉडपेरेंट्स व्हा आणि लग्नही करा. मीच लावीन."

"तुमचा नसेल नियम, फादर," पहिल्या रांगेतून अम्पारो म्हणाली. "आमचा आहे."

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"मग तो माझाही आहे," तोआन अम्पारोकडे बघत स्पॅनिशमध्ये म्हणाला. मोडकंच होतं, पण शब्द न् शब्द कळला. "दोन्या अम्पारो, तुम्ही ज्या लग्नाला आशीर्वाद देणार नाही, ते मला करायचं नाही."

अम्पारोची जपमाळेवरून फिरणारी बोटं थांबली.

"बाळाला एक गॉडपेरेंट असला तरी चालतं," फादर जोजी घाईघाईनं म्हणाले. "हा मात्र चर्चचा नियम आहे. यादिरा, तू तयार आहेस?"

"हो फादर," यादिरा म्हणाली. या वेळी आवाज अजिबात कापला नाही. "तयार आहे."

आणि कोसीचा बाप्तिस्मा झाला. यादिरानं एकटीनं कपाळावर क्रूस रेखला. पाणी डोक्यावर पडलं तशी कोसीनं असा सूर लावला की स्पॅनिश, व्हिएतनामी आणि नायजेरियन, तिन्ही मंडळींनी एकदम टाळ्या वाजवल्या. तोआन दाराजवळच्या गर्दीत मागे उभा होता. त्या नव्या सुटात, रिकाम्या हातांनी. टाळ्या वाजवत होता, पण त्याची नजर कोसीवरून हलत नव्हती. त्याला काय सोडावं लागलं होतं ते यादिराला दुरूनही दिसलं.

ते अम्पारोलाही दिसलं असावं. कारण ती उठली, गर्दीतून वाट काढत त्याच्यासमोर गेली आणि त्याची आखूड बाही खाली ओढून सरळ करायला लागली. ती काही केल्या सरळ होईना.

"कुठल्या शिंप्यानं शिवलाय हा?" ती करवादली. "लग्नाला तरी नीट मापाचा शिवून घे."

यादिरा कोसीला घेऊन जवळ आली होती. तोआननं बाळाच्या ओल्या जावळाकडे पाहिलं, मग यादिराकडे, मग पुन्हा अम्पारोकडे.

"दोन्या अम्पारो, एक विचारू? गॉडमदरनं पुढे लग्न केलं, तर तिचा नवरा त्या बाळाचा कोण लागतो?"

अम्पारोनं क्षणभर विचार केला. गावातली सगळी लग्नं, सगळे बाप्तिस्मे मनाशी चाळून पाहिले असणार तिनं.

"गॉडफादरच की," ती म्हणाली. "आणखी कोण?"

"आणि त्याला काही अडचण नाही?"

"त्याला कसली अडचण?"

तोआनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. त्यानं एक बोट पुढे केलं आणि कोसीनं ते घट्ट मुठीत धरलं.

"मग मी थांबतो," तो यादिराला म्हणाला. "तू म्हणशील तितका."

यादिरानं कोसीला त्याच्या हातांत दिलं.

"पोरीला गॉडफादरवाचून फार दिवस ठेवणं बरं नाही," ती म्हणाली.